वाजवायचं कुणासाठी? चेन्नईच्या मार्गळी महोत्सवाचा इतिहास आणि आपली हलगी

जानेवारी 1928. इंदूर जिल्ह्यातल्या कनारिया, बिचोली-हप्सी, बिचोली-मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजापुढे अटींची यादी ठेवली. पगडीला जरीचा काठ नको. धोतराला रंगीत किनार नको. बायकांच्या अंगावर सोन्याचांदीचा दागिना नको. मयताचा सांगावा नातेवाइकांकडे, गाव कितीही लांब असो, बलायांनीच पोचवायचा. आणि चौथी अट अशी, की हिंदूंच्या लग्नात वरातीपुढे बलायांनी वाजवायचं. मिळेल ते घ्यायचं, मोबदला मागायचा नाही. पटत नसेल तर गाव सोडायचं.

बलायांनी नकार दिला. मग विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, शेताकडे जायची वाट बंद झाली. शेकडो कुटुंबं बायकापोरांसह धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेर संस्थानांत निघून गेली. बाबासाहेबांनी ही हकीकत 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवली आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी ती वाचलेली आहे.

पण वाचताना आपलं लक्ष पगडीवर जातं, दागिन्यांवर जातं, पाण्यावर जातं. चौथी अट नजरेतून निसटते. वाजवणं ही तर कला. मग ती अपमानाच्या यादीत कशी काय आली? कारण कधी, कुठं आणि कुणासाठी वाजवायचं हे वाजवणारा ठरवत नव्हता. वाद्य त्याच्या हातात होतं, हुकूम दुसऱ्याच्या तोंडात होता. जातिव्यवस्थेने आपल्याकडून फक्त मेलेली ढोरं ओढून घेतली नाहीत, तिने आपल्याकडून संगीतही वेठीला धरून घेतलं.

आता मित्रांनो, या वेठीचं काय करायचं? वाद्य फेकून द्यायचं, की ताब्यात घ्यायचं? या प्रश्नाला तामिळनाडूतल्या आपल्या बांधवांनी एक उत्तर दिलं आहे. त्या उत्तराचं नाव 'मार्गळियिल मक्कळिसै', म्हणजे मार्गळी महिन्यातलं लोकांचं संगीत. 2020 च्या डिसेंबरात चेन्नईत सुरू झालेला हा महोत्सव. आपल्याकडे त्याच्या चित्रफिती मोबाईलवर फिरतात, आपण 'जय भीम' लिहून पुढे पाठवतो. त्यामागचा इतिहास मात्र फार कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

मार्गळी महिना कुणाचा?

मार्गळी हा तमिळ पंचांगातला महिना, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा. चेन्नईत या महिन्याला 'सीझन' म्हणतात. त्याचं मूळ 1927 साली मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात आहे. अधिवेशनाला जोडून संगीत परिषद झाली, त्यातून 1928 साली म्युझिक अकादमी उभी राहिली, आणि दरवर्षी डिसेंबरात कर्नाटक संगीताच्या मैफली भरू लागल्या. पुढे अशा अनेक संस्था झाल्या. त्यांना तिथं 'सभा' म्हणतात.

या सभांच्या मंचावर कोण बसतं, समोरच्या खुर्च्यांत कोण बसतं आणि समितीत कोण असतं, याचं उत्तर चेन्नईतल्या कुणालाही विचारा. ब्राह्मण समाजाचं तिथलं वर्चस्व इतकं उघड आहे की ते सिद्ध करत बसावं लागत नाही. ज्या देवदासी आणि इसै वेळ्ळाळर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाच आणि गाणं जपलं, त्यांची कला 'शुद्ध' करून घेतली गेली आणि माणसं बाजूला सारली गेली.

याविरुद्ध आवाज उठला नाही असं नाही. तमिळ गाण्यांना मंचावर मान मिळावा म्हणून तमिळ इसै चळवळ उभी राहिली, 1943 मध्ये तमिळ इसै संगम स्थापन झाला. पण तो झगडा तेलुगू-संस्कृत की तमिळ, असा भाषेचा होता. चेरीत, म्हणजे आपल्या भाषेत महारवाड्यात-मांगवाड्यात, जे वाजत होतं ते त्या मंचावरही आलं नाही. ब्राह्मणेतर सुधारणा दलितांच्या उंबऱ्याशी येऊन थांबते, हा अनुभव महाराष्ट्रात आपल्याला नवा नाही.

आणखी एक गोष्ट बघा. या मैफलींचा कणा म्हणजे मृदंग. मृदंगाला गाईचं, म्हशीचं, बकरीचं कातडं लागतं. ते निवडायचं, कमवायचं आणि मढवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेले कारागीर मुख्यतः दलित ख्रिश्चन आहेत. गायक टी. एम. कृष्णा यांनी त्यांच्यावर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. 2020 मध्ये त्याचं प्रकाशन कलाक्षेत्र या प्रख्यात संस्थेच्या सभागृहात व्हायचं होतं, पण संस्थेने ऐनवेळी परवानगी काढून घेतली. म्हणजे कातडं मंचावर चालतं, कातड्याची आणि ते मढवणाऱ्याची गोष्ट मात्र चालत नाही.

परै: आधी नकार, मग ताबा

आता ज्या वाद्याला या मंचावर कधीच जागा नव्हती त्या वाद्याकडे येऊ. परै. लाकडाचं गोल कडं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, एका हातात जाड आखूड काठी आणि दुसऱ्या हातात लांब बारीक काठी. वाजवण्याआधी विस्तवावर शेकून घ्यायचं, म्हणजे कातडं ताणतं आणि आवाज कडक निघतो. वर्णन ओळखीचं वाटलं ना? ही आपल्या हलगीची सख्खी बहीण आहे.

तमिळमध्ये 'परै' या शब्दाचा अर्थ सांगणं, बोलणं असाही होतो. प्राचीन संगम साहित्यात परैला मान आहे. डोंगर, रान, शेतं, समुद्रकिनारा, ओसाड माळ, प्रत्येक प्रदेशाची स्वतंत्र परै तिथं सांगितली आहे. पुढे जातिव्यवस्थेने काय केलं? हे वाद्य एका जातीच्या गळ्यात बांधलं. परैयर हे त्या जातीचं नाव, आणि त्यावरूनच इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाचा 'पारिया' हा शब्द गेला. सवर्णांच्या मयताला परै वाजवायची, गावात दवंडी द्यायची, आणि त्या बदल्यात वेठ, शिळं अन्न आणि शिवी. दवंडीची प्रथा, तिला तिथं 'तंडोरा' म्हणतात, बंद करण्याचे आदेश तामिळनाडू सरकारला 2022 मध्ये काढावे लागले. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा!

म्हणून तिथल्या दलित चळवळीचं पहिलं पाऊल नकाराचं होतं. तुमच्या मयताला आम्ही वाजवणार नाही. गावोगाव लोकांनी हे काम टाकलं. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. हा तोच रस्ता होता जो बाबासाहेबांनी महाडला 1927 मध्ये दाखवला होता. मेलेलं ढोर ओढू नका, गावकीची लाचारी सोडा, स्वाभिमानाने जगा. बलायांनी इंदुरात तेच केलं होतं.

दुसरं पाऊल नंतर आलं. 1990 च्या दशकात मदुराईच्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीच्या परिसरात दलित कला महोत्सव भरू लागले. तिथले शिक्षक आणि गीतकार थिओफिलस अप्पावू यांनी चर्चच्या प्रार्थनेतही लोकसंगीत आणि परै आणली. दिंडीगलजवळच्या शक्ती कला पथकात दलित मुली परै वाजवू लागल्या. पुरुषांनी मयताला वाजवायचं वाद्य मुलींनी कमरेला बांधून मोर्चाच्या पुढे चालायचं, यातली उलथापालथ लक्षात घ्या. पुढे मणिमारन आणि मगिळिनी यांचं 'बुद्धर कलै कुळू' आलं. परै शिकवणाऱ्या पथकाच्या नावातच बुद्ध आहे!

या दोन पावलांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नकार, मग ताबा. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही त्याने वाद्य हाती धरलं तर ती वेठच राहते. नकार दिल्यावर, आपल्या मर्जीने, आपल्या माणसांसाठी ते पुन्हा उचललं की तेच वाद्य हत्यार होतं. महोत्सव या क्रमाचं फळ आहे. नुसता महोत्सव बघून त्याची नक्कल केली तर हाती काही लागणार नाही.

कास्टलेस कलेक्टिव्ह ते मक्कळिसै

6 जानेवारी 2018 रोजी चेन्नईतल्या किल्पॉकमध्ये एका बँडचा पहिला कार्यक्रम झाला. 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हे त्याचं नाव. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेनमा यांनी तो उभा केला होता. उत्तर चेन्नईच्या झोपडपट्ट्यांत 'गाना' नावाचा गाण्याचा प्रकार आहे, मयताच्या रात्री जागवल्या जाणाऱ्या गाण्यांतून तो वाढला. तो गाणारी पोरं, परै वाजवणारे, रॅप करणारे, गिटार वाजवणारे असे सगळे एका मंचावर आले. अंगात सूट. बाबासाहेबांचा सूट ज्यांना कळतो त्यांना तो पोशाखही कळला. विषय होते आरक्षण, गटारात मरणारे सफाई कामगार, गोमांस, जातीसाठी होणारे खून आणि बाबासाहेब.

बँडचं नाव कुठून आलं हेही समजून घेतलं पाहिजे. पंडित अयोतीदास (1845-1914) यांनी आपल्या लोकांना 'जातिभेद नसलेले तमिळ' म्हटलं होतं. हिंदू धर्माच्या बाहेर आमची ओळख आहे, आम्ही मूळचे बौद्ध आहोत, असं त्यांनी मांडलं. 1898 मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला, 1907 मध्ये पत्र सुरू केलं. त्यांच्या वर्तुळातल्या पी. लक्ष्मी नरसू यांचं बौद्ध धर्मावरचं पुस्तक बाबासाहेबांनी 1948 मध्ये प्रस्तावना लिहून पुन्हा प्रकाशित केलं. म्हणजे चेन्नईच्या या बँडची आणि नागपूरच्या दीक्षाभूमीची मुळं जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली आहेत.

याच बळावर 2020 च्या डिसेंबरात 'मार्गळियिल मक्कळिसै' सुरू झाला. सभांचा सीझन ज्या महिन्यात, नेमका त्याच महिन्यात. पुढच्या वर्षी तो चेन्नईबरोबर मदुराई आणि कोइम्बतूरलाही भरला. परैची पथकं, मयताला विलाप करणाऱ्या ओप्पारी गायिका, गाना गायक, आदिवासी कलावंत, रॅप करणारी नवी पिढी. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात वाजवायला लागलं ते दिव्याच्या प्रकाशात मंचाच्या मधोमध उभे राहिले, आणि त्यांचं नाव पुकारलं गेलं.

यातलं धोरण ओळखा. त्यांनी म्युझिक अकादमीच्या दारात जाऊन 'आम्हालाही एक संध्याकाळ द्या' अशी विनंती केली नाही. त्यांनी महिना घेतला! हा महिना तुमच्या बापाचा नाही, एवढंच सांगितलं. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून येवल्याच्या घोषणेपर्यंत बाबासाहेबांचा जो प्रवास झाला, त्याच दिशेचं हे पाऊल आहे असं आम्हाला वाटतं. आत घ्या, या मागणीपासून आमचं घर आम्ही बांधतो, या निर्धारापर्यंत.

आरत्या ओवाळायच्या नाहीत

महोत्सवाने जात मोडली, असं म्हणणं म्हणजे आपल्याच लोकांची फसवणूक. 2022 च्या मार्गळी महिन्यातच, डिसेंबर अखेरीस, पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या वेंगैवयल गावात दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा टाकल्याचं उघडकीला आलं. मंचावर परै कडाडली म्हणून टाकीतलं पाणी स्वच्छ झालं नाही.

मंचावर पोचलेल्यांनाही जात सोडत नाही. अरिवू या कवी-रॅपरचं 'एंजॉय एंजामी' हे भूमिहीनांच्या श्रमाचं गाणं 2021 मध्ये जगभर गाजलं. पण ऑगस्ट 2021 मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका झळकली आणि अरिवू दिसला नाही. पा. रंजित यांनी जाहीर विचारणा केली, तेव्हा कुठे चर्चा झाली. गायिका इसैवाणी हिचं नाव बीबीसीने 2020 मध्ये जगातल्या 100 स्त्रियांच्या यादीत घेतलं. त्याच इसैवाणीवर शबरीमलाच्या संदर्भातल्या एका जुन्या गाण्यावरून 2024 मध्ये तक्रारींची आणि धमक्यांची झोड उठली. गाणारी दलित बाई नाचली तर टाळ्या, प्रश्न विचारला तर पोलीस ठाणे.

आणि तिसरा धोका गौरवाचा. 2025 मध्ये मदुराईचे परैवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला त्याचा आनंद आहे, तो त्यांचा हक्क आहे. पण सरकार वाद्याला 'लोककला' म्हणून हार घालतं, तेव्हा त्या वाद्यामागची वेठ सांगायला विसरतं. ते सांगणं हे चळवळीचं काम आहे. वाद्य संग्रहालयात गेलं आणि वाजवणारा वेशीबाहेरच राहिला, तर काय मिळवलं?

आता आपल्याकडे

आम्हाला ठाऊक आहे, इथे काही जण म्हणतील, 'हलगी हे गुलामीचं चिन्ह आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेलं तुम्ही परत गळ्यात का अडकवता?' हा आक्षेप हलका नाही. ज्यांच्या आज्याने पाटलाच्या दारात वाजवून भाकरी आणली त्यांच्या मनातली सल आम्ही नाकारत नाही. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लाचारी. गाण्या-वाजवण्याला त्यांचा विरोध असता तर भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला नसता, वामनदादा कर्डकांनी आयुष्य गाण्याला वाहिलं नसतं आणि 1997 मध्ये रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, तेव्हा आख्खी चळवळ सुन्न झाली नसती. आपली चळवळ गाण्यावर वाढली आहे.

पण आपण आपली एक चूक कबूल केली पाहिजे. धर्मांतरानंतर आपण गावकीची कामं टाकली, दवंडी टाकली. बरोबर केलं. मात्र अनेक गावांत हलगी ज्याच्या हातात होती तो मातंग बांधव सवर्णांच्या दारात वाजवतच राहिला, आणि आपण त्याच्याकडे 'अजून तिथंच अडकलेला' म्हणून पाहिलं. त्याच्या नकारामागे आपण उभे राहिलो का? त्याच्या मुलाच्या शाळेची फी भरली का? अण्णाभाऊ साठेंचा फोटो मिरवणुकीत लावणं सोपं आहे. आज उपवर्गीकरणाच्या वादात महार-मातंग एकमेकांकडे संशयाने पाहतायत, आणि त्याचा फायदा कुणाला होतोय हे सांगायला नको. हलगीचा प्रश्न हा या तुटलेल्या नात्याचाही प्रश्न आहे.

आणि जयंतीचं काय? मार्च उजाडला की प्रत्येक वस्तीत बैठक होते, वर्गणी ठरते आणि मोठा वाटा डीजेला, आपल्या भाषेत डॉल्बीला जातो. डॉल्बीवरून फक्त आपल्या जयंतीला नाकं मुरडणाऱ्या सवर्णांना आमचं एकच सांगणं आहे, आधी आपल्या विसर्जन मिरवणुकीचा आवाज मोजा. त्यांच्याशी आमचा संवाद नाही. आमचा संवाद आपल्या पोरांशी आहे. वर्षभर मजुरी करणाऱ्या आपल्या आयांनी दिलेली वर्गणी एका रात्रीत भिंती हादरवून संपते. ज्याने गाणं लिहिलं त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. ज्याने गायलं त्याला दमडी मिळत नाही. आणि त्याच वस्तीतला हलगीवाला दुसऱ्याच्या वरातीची सुपारी घेऊन दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, येत्या जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला हिस्सा कलावंतांसाठी बाजूला काढा. हलगी-घुमकं-कैताळवाले, बँडवाले, शाहीर, भीमगीतं गाणाऱ्या बाया, रॅप करणारी पोरं, सगळ्यांना ठरवून, आधी सांगून मानधन द्या. पत्रिकेत पुढाऱ्यांच्या फोटोआधी त्यांची नावं छापा. मिरवणुकीपुढे राबवून त्यांना परत पाठवू नका. मंचावर बसवा आणि सगळ्यांबरोबर एका पंगतीत जेवायला घ्या.

दुसरी, जिल्ह्याजिल्ह्यात आपला स्वतःचा महोत्सव उभा करा. 11 एप्रिल ते 14 एप्रिल, जोतिबांपासून बाबासाहेबांपर्यंत चार दिवस आपल्याकडे आहेतच. 1 ऑगस्टला अण्णाभाऊ आहेत. बौद्ध, मातंग, चर्मकार, भटके, आदिवासी असे सगळे त्या मंचावर हवेत, आणि समितीतही हवेत. मुलींना हलगी शिकवणारा एक तरी वर्ग प्रत्येक तालुक्यात सुरू व्हावा. वयस्क शाहीर जिवंत आहेत तोवर त्यांची गाणी, लिहिणाऱ्याच्या नावासह, ध्वनिमुद्रित करून ठेवा.

तिसरी, आणि आमच्या मते सगळ्यात आधीची. ज्याला वाजवणं सोडायचं आहे त्याला सोडता आलं पाहिजे. गावकीच्या दबावाने कुणी मयताला, जत्रेला वाजवत असेल तर त्याच्या नकारामागे संघटना उभी राहिली पाहिजे, गरज पडली तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यासकट. ही गोष्ट केली नाही तर पहिल्या दोन्ही गोष्टी म्हणजे नुसता तमाशा ठरेल.

चेन्नईने आपल्याला महोत्सव कसा भरवायचा हे दाखवलं, पण त्याआधी 'वाजवणार नाही' कसं म्हणायचं हेही दाखवलं. इंदूरच्या बलायांनी ते 1928 मध्येच म्हटलं होतं आणि त्याची किंमत घरदार सोडून मोजली होती. त्यांच्या नकारावर आपण आज उभे आहोत. येत्या चौदा एप्रिलला हलगी शेकून उचलाल तेव्हा एवढं आठवा, आणि ती कुणासाठी कडाडते आहे हे आपणच ठरवा.

जय भीम!